पाच किलो कॉफी आणि एकच पंगत

मोताळा तालुक्यात लग्नाची तारीख ठरली की लोक तीन फोन करतात. पहिला मंगल कार्यालयाला, दुसरा मंडपवाल्याला आणि तिसरा गुलाबराव हिवराळे यांना. गुलाबराव लग्नात कॉफी देतात. त्यांच्याकडे तांब्या-पितळेचं वाफेचं मशीन आहे. त्याच्या वाफेने दुधाला फेस आणायचा, साखरेबरोबर फेटून ठेवलेली कॉफीची पावडर त्यात घालायची आणि वरून चिमूटभर चॉकलेटी भुकटी टाकायची, ही त्यांची पद्धत. आजवर एकाही लग्नातून तक्रार आलेली नाही. स्तुतीही आलेली नाही. लोक कॉफी पितात आणि चप्पल शोधायला जातात.

त्याआधी सव्वीस वर्षं गुलाबराव मलकापूरच्या एका जिनिंग आणि सरकी-तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दर तासाला काट्यावरचा दाब पाहायचा आणि नोंदवहीत लिहायचा. एकदा ते तीन दिवस तापाने घरी होते आणि बदलीच्या माणसाने काहीच लिहिलं नाही. तपासणीचे साहेब येणार म्हणून मॅनेजरने ते तीन दिवस अंदाजाने भरायला सांगितले. गुलाबराव म्हणाले, "मी पाह्यलाच नाही त लिवू कसा?" मॅनेजर चार महिने त्यांच्याशी बोलला नाही. गुलाबरावांना ते चार महिने चांगले गेले.

कारखाना बंद पडला तेव्हा खामगावच्या एका बंद हॉटेलातलं हे मशीन त्यांना मिळालं. वाफ ओळखीची होती, फक्त बॉयलर लहान होता. धंदा बसला. पण त्यांच्या मनात एकच लग्न होतं. त्यांची एकुलती बहीण सिंधूताई, तिची एकुलती मुलगी प्रेरणा. भाचीच्या लग्नात कुणी मामा भांडी देतो, कुणी कपाट देतो. गुलाबरावांनी प्रेरणा दहावीत असतानाच बहिणीला सांगून ठेवलं होतं, "पोरीच्या लग्नात साऱ्या मांडवाले कॉफी माह्या हातची. दुसरं मले काही मांगू नको." सिंधूताईने दुसरंही मागून पाहिलं होतं, पण ते झालं नाही.

अडचण अशी झाली की प्रेरणा पुढे कॉफीतच शिरली.

तिने अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली आणि बेंगळुरूच्या एका कंपनीत लागली. कंपनी मळ्यांकडून कच्च्या बिया घेते, भाजते आणि विकते. प्रेरणाचं काम कॉफी पिऊन तिला मार्क देण्याचं. मोताळ्यात ह्या नोकरीवर कुणाचा फारसा विश्वास बसला नाही. सिंधूताई विचारणाऱ्यांना "कंपनीत आहे" एवढंच सांगायच्या.

लग्न ठरलं. मुलगा चिखलीचा, प्रसेनजित, हायस्कूलवर गणित शिकवणारा. फेब्रुवारीतला रविवार धरला. दिवाळीत प्रेरणा आली ती मामाकडे चार लहान पाकिटं, एक तराजू आणि एक दळायचं यंत्र घेऊन. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने स्टीलच्या चार वाट्या मांडल्या, प्रत्येकीत दळलेली कॉफी घातली आणि वर गरम पाणी ओतलं.

"दूध?" मामी पंचफुलाबाईंनी विचारलं.

"नाही मामी. साखरही नाही."

"मंग हे आजाऱ्यासाठी हाय का?"

प्रेरणाने समजावून सांगितलं. कॉफीला शंभरपैकी मार्क असतात. ऐंशी किंवा त्याच्या वर पडले तर ती खास कॉफी, खाली पडले तर बाजारची.

"पेपर कोन तपासते?" गुलाबरावांनी विचारलं.

"माह्यासारखे. चार-पाच जण. एकमेकाच्या वहीत पाहाचं नाही. पन त्याच्या आधी साडेतीनशे ग्रॅम कच्च्या बिया घेऊन त्याच्यातल्या किडक्या, काळ्या, फुटक्या निवडाच्या अन् मोजाच्या. एक जरी पुरी काळी निंघाली त बाद."

"हे त मी रोज तांदळात करते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मले कोनं मार्क नाही देल्ले."

"अन् हे एकाच मळ्याची म्हनते ते काय?" गुलाबरावांनी पाकीट हातात घेऊन विचारलं.

"ते येगळं. एकाच मळ्यातली, एकाच हंगामातली, त्याच्यात दुसरी मिसळाची नाही. कोन्या डोंगरावरची, किती उंचीवर, कोन्या जातीची, कशी वाळवली, सारं पाकिटावर लिहाचं."

"जातही लिवतात?"

"झाडाची, मामा."

"हाव, मीही झाडाचीच म्हनून राह्यलो."

"झाडायचीही सुटली नाही अजून," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"एकाच मळ्यातली असली म्हंजे चांगलीच असते असं नाही," प्रेरणा म्हणाली. "भिकारही असू शकते."

"मंग लिवून काय फायदा?"

"कोनाची हाय ते त कळते. चांगली निंघाली त त्याचं नाव, वाईट निंघाली त त्याचंच."

हे गुलाबरावांना पटलं. प्रेरणाने चमच्यात कॉफी घेऊन जोरात फुर्रकन ओढली. अशी ओढली की ती साऱ्या जिभेवर पसरते, हा त्यांच्या कामाचा नियम. पंचफुलाबाईंनी आयुष्यभर मुलांना असं खाल्ल्याप्यायल्याबद्दल धपाटे घातले होते. प्रेरणाने मोसंबी आणि गुळाची चव सांगितली. गुलाबरावांनी पहिल्या वाटीला "कडू" म्हटलं, दुसऱ्या वाटीला "कमी कडू" म्हटलं आणि तिसऱ्या वाटीपाशी बराच वेळ थांबून म्हणाले, "ह्याच्यात ओल्या सरकीचा वास हाय."

"हा वास आमच्या यादीत नाही, मामा."

"यादी कोनं केली?"

"अमेरिकेत झाली."

"तिकडे सरकी फोडत नसतीन."

ह्यानंतर प्रेरणाने लग्नाचा विषय काढला. तिच्या कंपनीचे चौदा जण येणार होते. शिवाय कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, एका मळ्याच्या मालकीणबाई येणार होत्या. साठीच्या पुढची बाई, नवरा गेल्यावर एकटीने मळा सांभाळणारी. त्यांच्या मळ्यात एका फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते अशा बिया निवडून वेगळ्या काढतात. ह्या वर्षी त्या गोल बियांना प्रेरणाच्या टेबलावर सत्त्याऐंशी मार्क पडले होते. त्यातल्या दोन किलो त्या लग्नाचा आहेर म्हणून देणार होत्या. विकत मागितल्या असत्या तर मिळाल्या नसत्या, कारण त्यांच्या मागे सहा कंपन्या होत्या.

"त मी काय म्हनते," प्रेरणा म्हणाली, "एका टेबलावर तुमचं मशीन ठेवू. अन् बाजूच्या टेबलावर माही मैत्रीण अर्पिता उभी राहीन. ते हे गोल बियांची कॉफी गाळून देईन. कंपनीच्या पाहुन्यायले अन् बाईले."

गुलाबरावांनी वाटी ओट्यावर ठेवली.

"म्हंजे दोन पंगती."

"पंगत नाही मामा, दोन टेबलं."

"टेबलावर बसवलं म्हनून काय झालं. पंगत ते पंगत."

नऊ वर्षांचे असताना गुलाबराव वडिलांबरोबर गावच्या पाटलाच्या घरच्या लग्नाला गेले होते. पहिल्या पंगतीत बुंदी होती. त्यांची पंगत शेवटची होती आणि गुरांच्या गोठ्यात होती. तिथपर्यंत वरण आलं. हे त्यांनी घरात एकदाच सांगितलं होतं आणि सांगताना त्यांना राग आलेला नव्हता. त्यांनी ते काट्यावरच्या दाबासारखं सांगितलं होतं. पण बुद्धपौर्णिमेला वस्तीत खीरदान असतं तेव्हा कढईपाशी तेच उभे असतात. प्रत्येक घरचं दूध, प्रत्येक घरचे तांदूळ, कुणाचे आंबेमोहोर, कुणाचे रेशनचे, सगळं एकाच कढईत जातं आणि गुलाबराव ते ढवळतात. कुणाची खीर कोणती हे कुणाला कळू नये इतपत ढवळतात.

"कारखान्यात तुमीच त ढीग वेगळे ठेवत होते ना?" प्रेरणा म्हणाली. "लांब धाग्याचा कापूस एकीकडे, ओला एकीकडे. मिसळला त भाव पडते."

"कापूस पंगतीत बसत नाही."

प्रेरणाने हात टेकले. तडजोड अशी ठरली की टेबल एकच, देणारा एकच, मामा. पावडरची कॉफी रद्द. सगळ्या चारशे माणसांना खरी कॉफी. एका लहान कपाला बारा ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच किलो. दोन किलो बाईंच्या गोल बिया, वर तीन किलो चिकमगळूरच्या दुसऱ्या एका मळ्याच्या चपट्या बिया, ब्याऐंशी मार्कांच्या. दूध आणि साखर बाजूला, ज्याची त्याने घ्यावी. पाणी मशीनमधून त्र्याण्णव अंशांवर काढायचं, ते गुलाबरावांइतकं अचूक कुणाला जमलं नसतं. गाळायला मांजरपाटाच्या चार पिशव्या पंचफुलाबाई शिवणार.

"फक्त एक, मामा," ती जाताना म्हणाली. "आधी गोल बिया संपवा, मंग चपट्या काढा. एकमेकात मिसळू नका."

"हाव," गुलाबराव म्हणाले.

गुलाबरावांचं 'हाव' ही ऐकल्याची पोच असते, मान्यता नसते. घरात सर्वांना हे माहीत आहे. पण प्रेरणा सहा वर्षं बाहेर होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता गुलाबराव आंघोळ करून, पांढरा सदरा घालून मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत मशीनपाशी बसले आणि त्यांनी सरळ विचार केला. गोल बिया दोन किलो, म्हणजे एकशे साठ-पासष्ट कप. टेबलापाशी आधी कोण येणार? नवरदेवाकडचे, कंपनीचे, भाषणं करणारे. मग वस्तीतले पुरुष. मग बायका, लेकरांना जेवू घालून. सगळ्यांत शेवटी वाढपी आणि भांडी घासणाऱ्या सोजराबाई आणि त्यांच्या जोडीदारणी. म्हणजे सत्त्याऐंशी मार्क पुढच्यांना आणि ब्याऐंशी मागच्यांना. प्रेरणाच्या दोन पंगती गेल्या नव्हत्याच, शेजारी होत्या त्या मागे-पुढे झाल्या होत्या, एवढंच.

त्यांनी मोठी परात घेतली, प्रेरणाने भाजून आणलेली दोन्ही पाकिटं त्यात ओतली आणि दोन्ही हातांनी बिया खालवर केल्या. पाच मिनिटं केल्या.

पंचफुलाबाई पिशव्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "काहो, तिनं नाही म्हनलं होतं ना?"

"तिनं पाकिटायचा इचार केला."

"अन् तुमी?"

"मी शेवटच्या मानसाचा केला."

"आज तिचं लगन हाय. एक दिस पहिल्या मानसाचा केला असता त काय झालं असतं?" पंचफुलाबाई पिशव्या ठेवून निघून गेल्या. हा प्रश्न गुलाबरावांना थोडा लागला, पण परातीत आता निवडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

साडेबाराला लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, फुलं पडली, दोन भाषणं झाली, त्यातलं एक लांबलं. जेवणं आटोपत आली तेव्हा पावणेतीन वाजले होते. मशीन तापलेलं होतं, काटा जागेवर होता. टेबलावर प्रेरणाने बेंगळुरूहून करून आणलेली सुबक पाटी होती. तिच्यावर बाईंच्या मळ्याचं नाव, डोंगराची उंची, हंगामाचं साल आणि खाली 'एकच मळा, एकच तोडणी' असं मराठीत लिहिलेलं. गोल बिया संपल्या की ती काढून दुसरी लावायची, तीही तयार होती.

प्रेरणा पांढऱ्या साडीत, गळ्यात हार तसाच, टेबलापाशी आली. दळायच्या यंत्राच्या काचेत तिने पाहिलं. गोल आणि चपट्या, दोन्ही.

"मामा, हे काय?"

"सारखं केलं."

"मिसळलं तुमी?"

"हाव. दोन किलो साऱ्यायले पुरत नव्हती."

प्रेरणा रडली नाही. तिचा चेहरा कामाच्या टेबलावर असतो तसा झाला. "मामा, मिसळनं गुन्हा नाही. दुनियेतली बहुतेक कॉफी मिसळलेलीच असते, चांगलीही असते. पन हे पाटी पाहा. आता ते खोटी झाली. बाई तिथं तिसऱ्या रांगेत बसल्या हायेत. आपल्या हातानं निवडलेल्या बिया देल्ल्या अन् हजार किलोमीटरवरून आल्या. त्यायले मी काय सांगू?"

गुलाबरावांनी पाटीकडे पाहिलं. सकाळपासून ती तिथेच होती, पण त्यांनी तिला पाटी समजून पाहिलं होतं. नोंदवही समजून पाहिलं नव्हतं. वर एका मळ्याचं नाव होतं आणि खाली परातीत दोन मळे होते. जे त्यांनी मॅनेजरसाठी केलं नव्हतं, ते त्यांनी भाचीच्या लग्नात करून ठेवलं होतं.

"आता अर्पिताले उभी करते," प्रेरणा म्हणाली. "तुमची नेहमीची पावडर असन त ते तिले द्या. तुमी बाजूले व्हा."

मागे रांग लागायला सुरुवात झाली होती. गुलाबराव बाजूला झाले नाहीत. त्यांनी कॉफी दळली, एक पिशवी भरली, पाणी सोडलं, चार मिनिटं थांबले आणि एक कप गाळला.

"मी सांगतो बाईले. त्या म्हनल्या बंद, त बंद. मंग तू म्हनशीन तिथं उभा राहीन."

कप घेऊन ते तिसऱ्या रांगेत गेले. मागोमाग हार सावरत प्रेरणा. मालकीणबाईंनी कप घेतला, वास घेतला आणि भर मांडवात जोरात फुर्रकन घोट ओढला. आजूबाजूच्या चार बायकांनी वळून पाहिलं.

"यह मेरी नहीं है," बाई म्हणाल्या.

"आपकी दो किलो है," गुलाबराव म्हणाले. त्यांची हिंदी कारखान्यातली होती. "दूसरेवाले की तीन किलो. मैंने मिलाई. इस बच्ची को मालूम नहीं था."

"क्यों मिलाई?"

"आपकी सबको पुरती नहीं थी."

"तो जितनों को होती, उतनों को दे देते. बाकी को दूसरी."

"वो हमारे इधर नहीं चलता."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे. जेवणाच्या टेबलांवर कुठेही राखीव असं काही नव्हतं. नवरदेवाचे काका आणि मंडपवाल्याची माणसं शेजारी बसून बालूशाही खात होती. बाईंनी आणखी एक घोट घेतला. ह्यावेळी आवाज न करता.

"बुरी नहीं है," त्या म्हणाल्या. "लेकिन मेरा नाम इस पर नहीं रहेगा."

"नहीं रहेगा."

"दूसरेवाले का भी नहीं. उसको किसी ने पूछा नहीं है."

"बरोबर है," गुलाबराव म्हणाले.

"और प्रेरणा, अगले साल का माल किसको दूँगी, वह मैं घर जाकर बताऊँगी."

प्रेरणाने मान हलवली. त्या सहा कंपन्या तिलाही आठवल्या असणार. टेबलाकडे परतताना ती म्हणाली, "मामा, तुमी मले लय महागात पडले."

"हाव," गुलाबराव म्हणाले. हे 'हाव' मान्यतेचं होतं. तिलाही ते कळलं असावं, कारण पाटी तिने स्वतःच उचलली, उलटी केली आणि मामापुढे धरली. मागची बाजू कोरी होती.

"काय लिवू?"

"जे खरं हाय ते."

गुलाबरावांनी खिशातला पेन काढला, थोडा विचार केला आणि ठळक अक्षरात 'कॉफी' असं लिहिलं. प्रेरणाने ते वाचलं. तिच्या धंद्यात एवढी कमी माहिती असलेली पाटी तिने कधी लावली नव्हती. तिने ती लावली आणि प्रसेनजितकडे निघून गेली, कारण फोटोवाला केव्हाचा हाका मारत होता.

पुढचा दीड तास गुलाबरावांनी कॉफी दिली. दर दहा कपांनी पिशवी बदलली, दर पिशवीला काटा पाहिला. बहुतेकांनी दूध घातलं, जवळजवळ सगळ्यांनी साखर घातली. कंपनीच्या चौदा जणांनी काहीच घातलं नाही, त्यामुळे वस्तीतल्या लोकांनी त्यांची काळजी केली. एका म्हाताऱ्याने काढा म्हणून दोन कप घेतले. सोजराबाई हात पुसत आल्या तेव्हा परातीत शेवटच्या दोन मुठी होत्या. त्यांनी कप घेतला, अर्धा प्यायला, "गरम हाय" म्हणाल्या आणि उरलेला घेऊन भांड्यांकडे गेल्या.

त्यानंतर नवरदेवाचे मोठे चुलते कडूबा टेबलाच्या मागच्या बाजूने आले. चिखलीच्या बाजारात त्यांचं चांगलं नाव होतं आणि मांडवात काय चाललं होतं ह्यातलं अर्धं त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"मामासाहेब, जय भीम. ते खास वाली द्या ना जरा."

"कोनती?"

"ते बाईच्या मळ्यातली. सत्त्याऐंशीवाली. तुमी बाजूले काढून ठेवली असन, मले का कळत नाही? याहीलोकायले एक कप, व्याह्याचा मान म्हनून."

"एकच हाय, याही. साऱ्यायले तेच."

"हाव, हाव, ते दुसऱ्यायले सांगाले ठीक हाय." कडूबांनी डोळा मिचकावला आणि जागचे हलले नाहीत.

गुलाबरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग शेवटची पिशवी उचलली, पिळली आणि त्यातूनच एक कप भरून त्यांच्या हातात दिला. कडूबांनी तो पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून प्यायला. दूध घातलं नाही, साखर घातली नाही. मोठ्या कष्टाने संपवला.

"पाहा," ते तोंड पुसत म्हणाले, "फरक कळतेच ना."

"हाव," गुलाबराव म्हणाले आणि मशीनची वाफ सोडली.